लोहारकामाची अवजारं भंगारातल्या पोलादापासून करायची आहेत. कोणतं भंगार कशाला वापरावं?

तुमची भट्टी आणि ऐरण लागली आहे. हाताशी गाडीचे जुने पाटे (चाकांवरच्या चपट्या स्प्रिंगा), एक गुंडाळी स्प्रिंग, झिजलेल्या कानशी, एक मोठं बेअरिंग आणि बांधकामाच्या सळईचे तुकडे आहेत. त्यातलं सगळ्यात कडक पोलाद सांडशीला वापरायचं, असा तुमचा बेत असेल. मीही हेच केलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी पहिली सांडशी मी पाट्याची केली. घडवताना घाम निघाला, पण रिव्हेट बसल्यावर छाती फुगली होती. काम करताना जबडे लाल व्हायचे आणि मी ते सवयीनं पाण्यात बुडवायचो. एके दिवशी जबडा टक्‌कन तुटला आणि धरलेला लालबुंद तुकडा माझ्या बुटाला लागून पडला. दोष पाट्याचा नव्हता. पाट्याच्या पोलादात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो. ते लाल असताना पाण्यात गेलं की कडक होतं आणि तितकंच ठिसूळही. मी दर वेळी नकळत त्याला पाणी पाजत होतो, म्हणजे तापवून, विझवून कडक करत होतो.

सांडशीला कडकपणा लागतच नाही, त्यामुळे ती नरम लोखंडाचीच करा. बांधकामाची सळई चालते, फक्त तिचा माल एकसारखा असेलच असं नाही. एक तुकडा लाल करून पाण्यात विझवा आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्यानं वाकवा. न तुटता वाकला तर ती सळई घ्या. अंगावरच्या उंचवट्याच्या रेघा आधी ठोकून सपाट करा, नाहीतर त्या दुमडून आत फटी राहतात.

हीच परीक्षा उरलेल्या भंगारालाही लावा. कोणती वस्तू कशाची बनलेली असते याच्या याद्या खूप मिळतात, पण तुमच्या हातातला तुकडा त्या यादीप्रमाणेच आहे याची हमी कोण देणार? ग्राइंडरवर ठिणग्या बघा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब जातात आणि त्यांना फाटे कमी फुटतात. कार्बन जास्त असला की चाकाजवळच झुडपासारखा फुलोरा फुटतो. ओळखीची कानस आणि ओळखीची सळई शेजारी ठेवून तुलना केली की डोळा लवकर बसतो. मग बोटभर तुकडा चुंबकाला चिकटेनासा होईपर्यंत तापवा (लोखंडाचं चुंबकत्व सुमारे ७७० अंश सेल्सिअसला जातं), आणखी किंचित तापू द्या आणि तेलात विझवा. कानस त्यावरून घसरली तर पोलाद कडक झालं. चावली, तर पाण्यात करून बघा. शेवटी फडक्यात गुंडाळून तो तुकडा तोडा. तुटलेली बाजू राखाडी, बारीक, मखमली दिसली तर उत्तम. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर जास्त तापवलं होतं.

आता छिन्नी आणि पंच. यांना गुंडाळी स्प्रिंगसारखा माल नाही. मात्र गाडीत दाबलेल्या अवस्थेत असलेली स्प्रिंग कधीही कापू नका. सुटली तर हाड मोडेल. मोकळ्या स्प्रिंगचा एक वेढा कापा, तापवून सरळ करा, गोल सळई तयार. जुन्या स्प्रिंगांत आणि पाट्यांत थकव्याचे बारीक तडे असू शकतात. तुकडा रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तिथे थोड्या वेळानं ओली रेघ उमटते. असा तुकडा सरळ बाजूला टाका.

लाल लोखंडात भोक पाडायचा पंच कडक करत बसू नका. कामातच तो तापतो आणि दिलेलं पाणी उतरतं. घडवा, लाल करून हवेत दोन-तीनदा निवू द्या, घासा, झालं. तीन-चार घाव घातले की पाण्यात न बुडवता थोडा थांबून निववा, आणि भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाका, म्हणजे तो अडकत नाही. ही पुडीची गोष्ट कळायच्या आधी माझे दोन पंच भोकातच रुतून बसले होते.

गरम लोखंड कापायच्या छिन्नीची धार साधारण ३० अंशांची ठेवा, थंड कापायची असेल तर ६० च्या आसपास. थंड छिन्नीला पाणी द्यावंच लागतं. टोकाकडचा दोन इंच भाग तापवा, त्यातला पाऊण इंच कोमट तेलात विझवा, लगेच पॉलिश पेपरनं चमकवा आणि बघत राहा. मागची उष्णता पुढे सरकते तसे रंग चालत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. धारेवर जांभळा पोचला की पूर्ण बुडवा. डोक्याला मात्र पाणी देऊ नका. कडक डोक्यावर कडक हातोडा बसला की कपच्या गोळीसारख्या उडतात. डोकं मऊ असेल तर ते छत्रीसारखं पसरतं. पसरलं की ग्राइंडरनं कडा घासून टाका. चष्मा तरीही हवाच.

कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. चाकूला, खरवडणीला छान, पण घाव घ्यायच्या अवजाराला नको. दात आधी पूर्ण घासून काढा, प्रत्येक दाताच्या खाचेतून तडा सुरू होतो. बेअरिंगचं पोलाद नव्या माणसाच्या हातात हातोड्याखाली फुटतं. ते वर्षभर डब्यात राहू द्या.

जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका. त्याच्या पांढऱ्या धुरानं हुडहुडी भरून ताप येतो. क्रोमच्या मुलाम्याचा धूर त्याहून वाईट. शॉक ॲब्सॉर्बरसारखी बंद नळी तर तापल्यावर फुटतेच. विझवायला खाद्यतेल घ्या, जुनं इंजिन ऑइल नको, आणि डब्याला लोखंडी झाकण जवळ ठेवा.

तपासलेल्या तुकड्यावर खडूनं नाही, छिन्नीनं खूण करा. मी एक खाच म्हणजे नरम, दोन म्हणजे स्प्रिंग, तीन म्हणजे कानशीसारखं असं ठेवलंय. खडू भट्टीत उडून जातो आणि राखेतून निघालेले दोन काळे तुकडे अगदी सारखे दिसतात.