कोरीला उन्हाळा सोसवेना : वाचकांचे प्रश्न

जळगावहून : भाऊ, मे महिन्यात माशांच्या टँकचं पाणी ३३ अंशांवर जातं. कोरी मासे सारखे वर येऊन तोंड मारून जातात. दुकानदार म्हणतो, त्यांची सवयच आहे.

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. कोरी म्हणजे कोरीडोरास, हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा मासा. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर झेपावतो, हवेचा घोट गिळतो आणि त्यातला प्राणवायू आतड्याच्या मागच्या भागातून रक्तात घेतो. त्यामुळे अधूनमधून मारलेली उडी नैसर्गिक आहे. पण घडीघडी वर धाव आणि खाली आल्यावरही कल्ले भराभर हलत असतील, तर मासा गुदमरतोय. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते.

झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीचं कापड बांधा आणि टेबलफॅनचा झोत पाण्यावरून आडवा जाऊ द्या. आपली कोरडी हवा इथे कामाला येते. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कूलर लावून खोली बंद ठेवली तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण कमी येतो, म्हणून खिडकी थोडी उघडी असू द्या. उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा. बोअरचं घालत राहिलात तर क्षार साठत जातील. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सावकाश उतरेल. दुपारी लाइट बंद, खाणं निम्मं, आणि वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअरपंप हवाच.

पुढच्या वेळी जात बघून घ्या. ठिपक्यांची पेपर्ड कोरी थंड पाण्यातली, २३-२४ अंशांच्या आत खूश. ती जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात विकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. स्टर्बाय कोरी २८ अंशांपर्यंत नीट राहते. आपल्याकडे तीच घ्यावी.

धुळ्याहून : तळाची घाण साफ करेल म्हणून एक कोरी आणली. खाली रंगीत खडी आहे. आता तिच्या मिशा झिजल्यात, कोपऱ्यात बसून असते.

ती घाण खात नाही हो! वरच्या माशांचं सांडलेलं टिपते एवढंच, आणि त्यावर तिचं पोट भरत नाही. संध्याकाळी लाइट बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, आठवड्यात एकदोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. आणि ती एकटी आहे हे दुखणं वेगळंच. हा थव्याचा मासा आहे, एकाच जातीच्या निदान सहा हव्यात.

खडी काढून टाका. कोरी तोंडात वाळू घेते, खाणं वेचते आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देते. खडीत हे जमतच नाही. बारीक नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. चिमटीत चोळून पाहा, बोटाला टोचली तर नको. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसली तर त्यात चुना आहे, तीही नको. मिशा खडीपेक्षाही तळाशी कुजणाऱ्या खाण्याने झडतात, म्हणून दर आठवड्याला तळातून नळीने चौथा हिस्सा पाणी काढा. मुळं शाबूत असतील तर मिशा परत वाढतात.

भुसावळहून : बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो. चालेल का?

बाजारातल्या बहुतेक कोरी पैदास केंद्रातल्या असतात, मध्यम जड पाणी त्यांना सोसतं. थर दाट बसत असेल तर निम्मं आरओ मिसळा. मात्र हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. नुसतं आरओ नको.

चोपड्याहून : तापीतला छोटा शिंगी मासा सोबत ठेवू का?

नको. शिंगी फूटभर वाढते, रात्री लहान मासे गिळते आणि तिचा काटा विषारी असतो.

शहाद्याहून : पहिल्या पावसानंतर पाणी बदललं, तर काचेला बारीक दाणे चिकटले. गोगलगायीची अंडी आहेत का?

मोहरीएवढे, सुटे, पांढुरके दाणे असतील तर बहुधा कोरीचीच. गार पाणी मिळालं की पावसाळा आला असं समजून ती अंडी घालते. मोठे मासे ही अंडी खातात, म्हणून बोटाने अलगद सोडवून त्याच टँकच्या पाण्याने भरलेल्या डब्यात ठेवा. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, देशी बदामाचं (टर्मिनालिया कॅटापा) वाळलेलं पान टाका. त्याने बुरशीला थोडा आळा बसतो. कापसासारखी झालेली अंडी रोज उचलून टाका. तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतील. पोटाची बलकाची पिशवी संपेपर्यंत त्यांना काही देऊ नका, मग ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) द्या आणि डब्यातलं थोडं पाणी रोज बदला.