वाचकांचे प्रश्न : माझा वाटा मी मागू का?

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचक भगिनींची तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. तिघींची घरे आणि अडचणी वेगवेगळ्या आहेत, तरी 'मी स्वार्थी तर ठरणार नाही ना?' ही धास्ती प्रत्येक पत्रात आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४८ आहे. दीड वर्षापूर्वी सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. त्यांचे खाणेपिणे, औषधे, अंग पुसणे, रात्री उठून पाहणे हे सगळे माझ्याकडे आहे. मी घरी शिवणाचा क्लास घेत असे, तो बंद केला. यजमान सकाळी कंपनीत जातात ते रात्रीच येतात. धाकटे दीर पुण्यात असतात. नणंद सुट्टीत चार दिवस येते आणि 'वहिनी, तुमच्यामुळेच आईचं निभावतंय' असे म्हणून जाते. अलीकडे रात्री घामाने जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून रडू येते. परवा मी सासूबाईंवर ओरडले आणि नंतर दिवसभर स्वतःला दोष देत राहिले. मी कमावत नाही, मग तक्रार करण्याचा मला काय अधिकार? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तुमच्या शरीराविषयी बोलू, कारण पत्रात तुम्ही ते ओझरते लिहून पुढे गेला आहात. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षे संप्रेरकांची पातळी खाली-वर होत राहते. रात्रीचा घाम, मोडणारी झोप, छातीत धडधड, चिडचिड आणि अकारण येणारे रडू ही या काळात नेहमी आढळणारी लक्षणे आहेत. शिवाय ज्यांना पूर्वी कधी उदासीनतेचा त्रास झालेला नाही अशा स्त्रियांनाही या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो. म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्या, आणि झोपेविषयी डॉक्टरांना सविस्तर सांगा. या त्रासावर उपचार आहेत, आणि 'या वयात हे चालायचंच' असे कोणी म्हणाले तरी ते सोसत बसण्याचे कारण नाही. मन फारच खचले, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मात्र केवळ गोळ्यांनी तुमचे ओझे हलके होणार नाही, कारण ते खरोखरच एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात, तर घरकामात हातभार लावणाऱ्या पुरुषांची ८८. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा या मिनिटांत धरलेलीच नाही, ती वेगळी मोजली जाते. 'मी कमावत नाही' हे वाक्य लिहिण्याआधी तुमच्या शहरातल्या एखाद्या ब्युरोत चोवीस तासांच्या आयाबाईंचा महिन्याचा दर विचारून पाहा. तो आकडा यजमानांना सुनावण्यासाठी नाही. तुम्ही काय करत आहात हे आधी तुम्हालाच कळायला हवे, म्हणून तो विचारायचा.

आणखी एक गोष्ट अनेक घरांना ठाऊक नसते. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर टाकली आहे. त्या यादीत सून नाही. सासूबाईंना वाऱ्यावर सोडा असा याचा अर्थ कोणी काढू नये, आणि तुमच्या पत्रातली माया पाहता तुम्ही तो काढणारही नाही. परंतु तीन सख्ख्या अपत्यांची जबाबदारी तुम्ही आजवर आपलेपणाने उचलली आहे, तेव्हा त्या तिघांपुढे बोलताना मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही.

आता बोलायचे कसे? 'मला झेपत नाही' एवढेच म्हणाल तर उत्तरादाखल कौतुक मिळेल आणि काम तुमच्याकडेच राहील. नणंदबाईंच्या वाक्याने नेमके तेच घडते. म्हणून काम, वार आणि वेळ ठरवून बोला. यजमानांना सांगा, 'दर रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन आईंचं सगळं तुम्ही पाहायचं, मी घरी नसेन.' दिरांना आणि नणंदबाईंना एकत्र फोन लावून सांगा की पुढच्या महिन्यापासून रात्रीसाठी बाई ठेवत आहोत आणि खर्च तिघांत वाटला जाईल. कोणाला पैसे देणे जमत नसेल तर त्याने महिन्यातले चार दिवस येऊन राहावे. औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीवर कुठे लाल झाले आहे का हे पाहणे, असे सगळे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. कित्येक घरांत 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' या एकाच सबबीवर पुरुष वर्षानुवर्षे सुटतात आणि आपणही त्यांना सुटू देतो.

पहिल्या काही रविवारी चादर नीट घातली जाणार नाही, जेवण उशिरा होईल, कदाचित यजमान दोन दिवस अबोला धरतील. परत आल्यावर ती चादर पुन्हा घालू नका. ज्यात जिवाला धोका आहे ते सोडून बाकी सगळे त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. बाहेर पडताना अपराधी वाटेल, कारण पंचवीस वर्षांची सवय मोडते आहे. त्या भावनेला तुमच्या चुकीचा पुरावा मानू नका. सासूबाईंवर ओरडल्याबद्दल त्यांचा हात हातात घेऊन एकदा मनापासून बोला आणि विषय तिथे संपवा. अपुऱ्या झोपेने थकलेल्या माणसाकडून असे घडते. तो सहा तासांचा वेळ शिवणाच्या एका छोट्या वर्गासाठी वापरता आला तर मला फार आनंद होईल, पण पहिला महिना नुसते झोपून काढलात तरी हरकत नाही.

प्रश्न : वय ५३. माहेर सातारा जिल्ह्यात. वडील गेल्या वर्षी वारले. आजोबांपासून आलेली सहा एकर जमीन आणि गावातले घर आहे. सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि धाकटी बहीण अशी वारसांची नावे लागली आहेत. दादाने फोन करून सांगितले की दिवाळीआधी येऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून जा, आईची सहीही त्याच दिवशी घेऊ. बहीण तयार आहे. माझे लग्न १९९३ मधले. गावातले जाणकार म्हणतात की ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही. खरे सांगते, मला जमिनीचा मोह नाही. पण 'तुझी काय इच्छा आहे' असे कोणी विचारले नाही, सही कुठे करायची एवढेच सांगितले, याचे फार वाईट वाटले. सही केली नाही तर माहेर तुटेल. — एक वाचक, कराड

उत्तर : 'मोह नाही' हे तुम्ही पत्रात आवर्जून सांगितलेत. आपल्याकडे मुलीने वाटा मागितला की ती हावरी ठरते आणि मुलाने घेतला की तो वारस ठरतो. ही समजूत इतकी खोल गेली आहे की हक्काचा साधा उल्लेख करण्याआधीही बाईला निर्मोहीपणाची ग्वाही द्यावी लागते. ती माझ्यापुढे देण्याची आवश्यकता नाही, दादापुढेही नाही.

तुमच्या गावातल्या जाणकारांचे म्हणणे अर्धवट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तेव्हा २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना खरोखरच वगळले होते. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या, हिंदू वारसा कायद्यातील केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची ती अट राहिली नाही. मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार मानली जाते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात असेही स्पष्ट केले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटप झाले असेल तर मात्र ते पुन्हा उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत तर १९५६ च्या मूळ हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तुमचा नेमका हिस्सा किती हे कागद पाहून वकीलच सांगू शकतील. त्यासाठी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकीतील बदलांच्या नोंदी) काढून ठेवा. फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे एकदा नोंदले की ते एकतर्फी रद्द करता येत नाही. नंतर फसवणूक किंवा दडपण झाले असे म्हणायचे असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन ते सिद्ध करावे लागते, आणि भावाविरुद्ध तशी पायरी चढणे बहुतेक बहिणींना जमत नाही. म्हणून सही करण्याची तारीख दुसऱ्या कोणी ठरवू नये.

मला सर्वांत अधिक काळजी तुमच्या आईची वाटते. पती गेल्यावर सातबाऱ्यावरचे नाव हाच पुष्कळ विधवांचा अखेरचा आधार असतो. ते नाव गेले की औषधाच्या पैशांसाठीही तिला कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागते. आज दादा आणि वहिनी त्यांना उत्तम सांभाळत असतील, तरीही आईंनी सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोघी बहिणींनी आईशी एकान्तात बोलावे आणि त्यांना काय हवे आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. हे बोलणे झाल्यावर बहिणीचेही मत कदाचित बदलेल.

तुमच्या हिश्शाचे काय करायचे हा तुमचा निर्णय आहे आणि त्यात एकच उत्तर बरोबर असे मी मानत नाही. दादाने वीस-पंचवीस वर्षे शेतात घाम गाळला असेल, वडिलांचे आजारपण काढले असेल, तर त्याची जाणीव ठेवून तुम्ही बरेचसे त्याला सोडू शकता. अर्धा एकर स्वतःच्या नावे ठेवून बाकीचे देणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. सगळे ठेवणाऱ्याही पाहिल्या आहेत आणि त्यांच्या घरी भाऊबीज होते. परंतु साडीचोळीच्या बदल्यात मुकाट्याने केलेल्या सहीत देणे कुठे असते? जे आपले आहे असे समोरच्याने मान्य केले, तेच आपल्याला देता येते. तुम्हाला जे लागले आहे ते नेमके इथे लागले आहे, आणि त्याला भावनेच्या भरातले रुसणे म्हणून तुम्ही स्वतःच हलके लेखू नये.

दादाला फोनवर फार समजावत बसू नका. 'दादा, या दिवाळीत मी सही करणार नाही. कागद बघते, आईशी बोलते, मग संक्रांतीनंतर आपण चौघं बसू,' एवढे पुरे आहे. तो चिडला तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगा; कायद्याची कलमे भावंडांच्या बोलण्यात काढली की बोलणे तिथेच संपते. काही महिने अबोला राहील हे शक्य आहे आणि तो तुम्हाला जड जाईल. त्या काळात आईला नेहमीसारखा फोन करा, भाचरांच्या वाढदिवसाला जा, भाऊबीजेला ओवाळणीचे ताट घेऊन दारात उभ्या राहा. आपल्या बाजूने नाते चालू ठेवणे तुमच्या हातात आहे. सही नाकारली म्हणून जर दार बंद झाले, तर ते तुमच्या सहीसाठीच उघडे होते काय, हा प्रश्न दादाने स्वतःला विचारायचा आहे.

प्रश्न : वय ५६, फोंडा. मुलगी न्यूजर्सीत असते. पहिल्या बाळंतपणाला मी सहा महिने गेले होते, तेव्हा माझे गाण्याचे शिक्षण मध्येच सुटले. आता ते पुन्हा सुरू केले असून वर्षअखेरीच्या सत्रात विशारदची परीक्षा द्यायची आहे. ऑगस्टमध्ये तिचे दुसरे बाळंतपण आहे आणि या वेळीही सहा महिने ये म्हणते. गाण्यासाठी मुलीला 'नाही' म्हणणारी आई कशी असेल? — एक वाचक

उत्तर : तुम्ही तिला 'नाही' म्हणतच नाही आहात. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मानतात. तेवढा काळ तुम्ही तिच्याजवळ असणे तिच्यासाठी फार मोलाचे आहे आणि तुम्हालाही ते हवे असणार. ऑगस्टच्या सुरुवातीला जा आणि सप्टेंबरच्या अखेरीस परत या. रियाजासाठी ऑक्टोबरपासूनचे दिवस हातात राहतील. तिथेही रोज सकाळी तासभर तानपुऱ्याचे ॲप लावून बसा आणि त्या वेळी थोरल्या नातवंडाला जावईबापू पाहतील हे जाण्यापूर्वीच ठरवून घ्या. उरलेल्या महिन्यांसाठी विहीणबाई येतील, की पाळणाघर लावायचे, की जावई रजा काढतील, हे त्या दोघांनी ठरवायचे आहे.

मुलीला हे या आठवड्यातच कळवा, कारण तुमच्या होकारावर विसंबून तिने रजेची आणि तिकिटांची आखणी केल्यावर सांगाल तर तिची खरोखर अडचण होईल. कारण सांगताना यजमानांचा मधुमेह, घराची दुरुस्ती अशा आडोशाला जाऊ नका. परीक्षा आहे असेच सांगा. ती थोडी खट्टू होईल, तिचे ते वाटणे ऐकून घ्या, पण त्यामुळे परतीच्या तिकिटाची तारीख बदलू नका.