किती मोडलं, तेही मोज

वेंगुर्ले

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. कोलेस्टेरॉल घडवणाऱ्या एन्झाइमवर काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. पण तुझे सगळे प्रयोग एन्झाइम किती तयार होतं, एवढंच मोजतात. ते किती वेगाने मोडलं जातं, हा प्रश्न कुठेच नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडे मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, तर झरा आटला की उपसा वाढला, हे नुसतं डोकावून कळत नाही. ब्लॉटवरची, म्हणजे प्रथिन किती आहे हे दाखवणाऱ्या चाचणीतली, पट्टी फिकट झाली तरी तसंच समज: बनणं कमी झालं की मोडणं वाढलं, ते नुसतं बघून कळत नाही.

तुझ्या एन्झाइमचं, एचएमजी-कोए रिडक्टेजचंच बघ. पेशीत स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासारखे पदार्थ) वाढले की इन्सिग हे प्रथिन या एन्झाइमला धरतं, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘हे मोडा’ अशी खूण लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतो. एरवी कित्येक तास टिकणारं एन्झाइम मग भराभर घटतं. उलट स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने त्याचं काम अडवलं की स्टेरॉल कमी पडतात. पेशी एन्झाइम जास्त बनवते, मोडते कमी, आणि ते कितीतरी पटींनी साठतं. इतकी वर्षं झाली, मला अजून याचं नवल वाटतं.

सुंगटं (कोळंबी) खाल्ली तर कोलेस्टेरॉल वाढेल का, असं आजी विचारते म्हणालीस. तिला सांग, बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि खाण्यातून जास्त आलं की बऱ्याच जणांत ते बनवणं कमी होतं. सगळ्यांत सारखं नाही, म्हणून डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर पाळायचंच.

आता पद्धतीबद्दल. सायक्लोहेक्झिमाइडने नवी प्रथिनं बनणं थांबवायचं आणि उरलेलं कसं घटतं ते बघायचं, हा सोपा मार्ग तुला कुणीही सुचवेल. या एन्झाइमच्या बाबतीत तो फसवा आहे. इन्सिग-१ स्वतःच अल्पायुषी. नव्याने बनलं नाही तर तेही संपू लागतं, आणि रिडक्टेजचं मोडणंच मंदावतं. म्हणून पल्स-चेस शिकून घे: किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) थोडा वेळ देऊन तेवढ्यात बनलेल्या प्रथिनांवर खूण करायची आणि ती कशी घटतात ते बघायचं. त्याचा परवाना असलेली प्रयोगशाळा शोधावी लागेल, ती शोध.

यीस्टपासून सुरुवात करायला कमीपणा मानू नकोस. रँडी हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली यीस्टमध्येच, रिडक्टेज मोडू न शकणारे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले यीस्ट) शोधून, ते मोडण्यासाठी लागणारी एचआरडी जनुकं उजेडात आणली. पेशी बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट कशी लावते, हेही पुढे त्याच जनुकांमधून उलगडलं.

आराखडा सुधारून पाठव. त्यात वेळेचे टप्पे आणि कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) स्पष्ट हवेत. प्रोटिअसोम रोखल्यावर काय दिसायला हवं, हे प्रयोगाआधीच वहीत लिहून ठेव. गणपतीला घरी येशील तेव्हा ती वही घेऊन ये, सविस्तर बोलू.