पिंपातलं पाणी हलत नाही, तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी गणितात एम.एस्सी. झाली. आता ती रोगप्रतिकारशक्ती आणि हार्मोन्सच्या ‘मॉडेल’वर संशोधन करायचं म्हणते. नातेवाईक विचारतात, गणितवाली रक्त तपासणार का? मलाही नीट सांगता येत नाही. जाता जाता आणखी एक : माझी थायरॉइडची गोळी ५० ची ७५ केली आहे. डॉक्टर सहा आठवड्यांनी तपासणी करा म्हणतात. इतके दिवस कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण ते एकच आहेत.

मोरीतलं पिंप डोळ्यांपुढे आणा. वरून नळ चालू, तळाला भोक. पाण्याची पातळी हलत नाही. नळ थेंब थेंब गळतोय की धो धो वाहतोय? नुसतं पिंपाकडे पाहून सांगता येणार नाही. नळ बंद करा आणि घड्याळ लावून बसा, मग कळेल.

एचआयव्हीच्या बाबतीत हेच झालं. लागण झाल्यावर रक्तातला विषाणू वर्षानुवर्षं साधारण एकाच पातळीला दिसायचा, त्यामुळे तो सुस्त पडून आहे असं वाटायचं. न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड हो आणि अमेरिकेतल्याच लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले, जीवशास्त्रात गणित वापरणारे अ‍ॅलन पेरेलसन यांनी १९९६ साली पाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध सुरू करून पहिले सहा तास दर दोन तासांनी रक्त घेतलं, पुढे अंतर वाढवत नेलं. या औषधाने नवे विषाणू वांझ निघतात, पण आधी लागण झालेल्या पेशी ते तयार करतच राहतात. म्हणजे नळ एकदम बंद होत नाही. विषाणू किती वेगाने नष्ट होतो आणि त्या पेशी किती दिवस जगतात, हे दोन्ही आकडे एकाच उतरत्या रेषेतून वेगळे काढायचे होते. समीकरणांशिवाय ते जमलं नसतं; अशा समीकरणांच्या मांडणीलाच ‘मॉडेल’ म्हणतात. उत्तर निघालं : विषाणूचं अर्धायुष्य (म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, पेशीचं आयुष्य सुमारे २ दिवस, आणि रोजची पैदास जवळजवळ १,००० कोटी! सुस्त कसला, रोज नवी फौज उभी राहत होती. एवढ्या पैदाशीत एका औषधाला दाद न देणारा विषाणू निपजणारच. म्हणून औषधं एकत्र द्यायची.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे मॉडेल आपटलं. १९९७ मध्ये याच मंडळींनी हिशेब मांडला, की उपचार पूर्ण लागू पडले तर विषाणू २ ते ३ वर्षांत संपू शकेल; मात्र कुठे आणखी लपलेला नसेल तरच. तो लपलेला होता, स्मृती-पेशींत, म्हणजे जुन्या रोगांची ओळख ठेवून वर्षानुवर्षं जगणाऱ्या प्रतिकारपेशींत. १९९९ मध्ये त्या साठ्याचं अर्धायुष्य निघालं ४४ महिने. म्हणजे साठा संपायला ६० वर्षांहून जास्त. मॉडेल चुकलं खरं, पण नेमकं कुठे शोधायचं हे त्या ‘तरच’नेच सांगितलं होतं.

आता तुमची गोळी. तिच्यातल्या थायरॉक्सिन या हार्मोनचं अर्धायुष्य साधारण ७ दिवस. ५० ची ७५ केलीत, म्हणजे २५ ची वाढ. पण दर आठवड्याला उरलेलं अंतर निम्मंच भरतं : साडेबारा उरले, मग सव्वासहा, तीन, दीड, पाऊण. सहाव्या आठवड्याला उरतं ते नगण्य. त्यातही तुमच्या रिपोर्टवरचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं आणि थायरॉक्सिनच्या मागून रेंगाळत सरकतं.

माझी फजिती सांगते. आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि स्वतःचा डोस वाढल्यावर दहाव्या दिवशी तपासून आले. टीएसएच अजून चढंच. मग कोणाला न विचारता गोळी आणखी वाढवली. महिन्याभरात छाती धडधडायला लागली, रात्री झोप नाही. हे पिंप मी दरवर्षी फळ्यावर काढत असे!

मुलीला रक्त काढावं लागणार नाही. पण काढणाऱ्यांजवळ एक दिवस बसायला जरूर सांगा. दर दोन तासांनी सुई टोचून घेणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला, की एकेका नमुन्याची किंमत कळते. आणि कुठला नमुना टाळता येईल, हेही गणितच सांगतं.

आणि तुम्ही कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची खूण करा. त्या सकाळी आधी रक्त द्या, गोळी मग घ्या.