‘काय बोल्ला तो तुमच्यासंग?’

मुलाशी बोलणे संपवून मी त्याला बाहेर पाठवते आणि व्हरांड्यातल्या बाकावर वाट पाहत असलेले आईवडील आत येतात. बहुतेकजण खुर्चीवर नीट टेकण्याआधीच विचारतात, ‘‘काय बोल्ला तो तुमच्यासंग? आमाले सांगा न.’’ मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. १० ते १९ या वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात अशी क्लिनिके उघडली गेली. तिथे येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न मला भोचकपणाचा कधीच वाटला नाही. पोटच्या पोराने घरात तोंड उघडू नये आणि परक्या बाईपाशी अर्धा अर्धा तास बोलावे, हे कोणत्या बापाला लागणार नाही? या प्रश्नाला मी काय उत्तर देते आणि ते तसेच का देते, हे एका घराच्या हकिगतीवरून सांगते. त्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दहावीतला होता. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून तो वर्गात बसल्या बसल्या झोपू लागला होता. शिक्षकांनी दोनदा निरोप धाडल्यावर कापसाची वेचणी ऐन भरात असतानाही वडील एका दिवसाची मजुरांची सोय लावून त्याला घेऊन आले. त्यांचे निदान ठरलेले होते. ‘‘रातभर मोबाइल पाह्यते, मॅडम. मी जागा झालो का त्याच्या गोधडीत उजेड दिसते.’’ अलीकडे पालकांची कोणतीही तक्रार मोबाइलपासूनच सुरू होते आणि ती पुष्कळदा खरीही असते, त्यामुळे मीही ती खरी धरली. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, रात्री नऊनंतर मोबाइल आईच्या कपाटात ठेवावा, संध्याकाळी चहा बंद करावा, असे मी सांगितले आणि त्यांना पंधरा दिवसांनी बोलावले. सल्ला पुस्तकात शोभण्यासारखा होता. पण मोबाइलवर तू रात्री काय पाहतोस, हा साधा प्रश्न मी मुलाला विचारलाच नव्हता.

पंधरा दिवसांनी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळे झाले होते आणि वजन दोन किलोने उतरले होते. मोबाइल कपाटात गेला होता, पण झोप आली नव्हती. या वेळी मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि काल रात्री कधी कधी जाग आली त्या वेळा लिहायला सांगितल्या. त्याने खाली मान घालून लिहिले: ११.१०, १२.४०, २, ३.३०. मग मी न सांगता प्रत्येक वेळेपुढे एकेक शब्द लिहिला. घरात. घरात. कोठ्यात. घरात.

‘‘कोण?’’ मी विचारले.

‘‘बाबा.’’

त्यापुढचे सगळे बोलण्याआधी त्याने एकच विचारले, की हे बाबांना कळेल का. पहिल्या भेटीत प्रत्येक मुलाला जे सांगते, तेच मी त्याला पुन्हा सांगितले. या खोलीतले बोलणे खोलीतच राहते, पण तीन बाबतींत मी गप्प राहू शकत नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन करत असेल, तर मला पुढे बोलावे लागेल. तिसऱ्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. मात्र तसे करण्याआधी मी तुला सांगेन. हे आधी न सांगता मुलाला बोलते करणे मला फसवणूक वाटते. अनेकांना वाटते की अटी ऐकल्यावर मूल मिटून जाईल, पण माझा अनुभव बहुतेक वेळा उलटा आहे. कुंपण कुठे आहे हे कळले की मुले आत मोकळी फिरतात.

त्याच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील आदल्या हंगामात गेले होते. कसे गेले ते गावाला ठाऊक होते आणि हा मुलगा त्या घरी जाऊन आला होता. त्यानंतर पोळ्याच्या रात्री, बैल बांधून झाल्यावर, त्याने आपल्या वडिलांना आईशी बोलताना ऐकले: ‘‘मी गेलो तं तुमी सुटसान.’’ त्या रात्रीपासून हा मुलगा राखणीला बसला होता. गोधडीतला उजेड त्यासाठीच होता. मोबाइलच्या प्रकाशात तो वडिलांची खाट पाहत असे. मी मोबाइल कपाटात ठेवायला लावल्यावर तो अंधारात उठून खाट हाताने चाचपू लागला. माझ्या सल्ल्याने त्याच्या रात्री आणखी लांब झाल्या होत्या. एवढे सांगून झाल्यावर त्याने दप्तरातली कंपासपेटी उघडली आणि कोनमापकाखालून एक लहान किल्ली काढून दाखवली. फवारणीची औषधे ठेवलेल्या कोठ्यातल्या टिनाच्या पेटीची ती किल्ली होती. तुरीवर फवारणी करायची म्हणून वडील महिनाभर ती शोधत होते.

‘‘तुमी नका सांगू त्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांना लाज वाटन.’’

आता धोक्यात कोण होते? माझ्यासमोर बसलेला मुलगा की बाहेर बसलेले वडील? वडील माझ्याकडे रुग्ण म्हणून आलेले नव्हते आणि मुलाने जे ऐकले ते रागाच्या भरात निघालेले एखादे वाक्यही असू शकत होते. तरीही अशा शब्दांचा अंदाज पुढच्या भेटीवर ढकलायचा नसतो. मी मुलाला म्हटले की तू काय सांगितलेस ते मी सांगणार नाही, पण तुझ्या बाबांना त्यांच्या मनाबद्दल आजच विचारणार आहे, कारण ही राखण पंधरा वर्षांच्या पोराने एकट्याने करण्याची नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग किल्ली परत पेटीत ठेवून म्हणाला, ‘‘विचारा.’’

वडील आत आले आणि नेहमीचा प्रश्न आलाच. मी म्हटले, ‘‘त्याचे बोलणे त्याचे आहे, ते तोच तुम्हाला सांगेल. पण तो मोबाइलसाठी जागत नाही, एवढे मी खात्रीने सांगते. त्याची झोप परत यायची तर मला तुमच्याशी बोलावे लागेल.’’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांना प्रतिनिधी मानून उपचाराला लागेल तेवढी माहिती त्यांना देण्याची मुभाही देतो. त्या ‘लागेल तेवढी’ची रेघ कुठे ओढायची, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. मुलाचे शब्द मी देत नाही. मुलासाठी घराने काय करावे, ते मात्र पालकांना पुरेपूर सांगते. आणि जिवाचा प्रश्न असेल तेव्हा जीव वाचवायला लागणारे काहीच राखून ठेवत नाही.

मी वडिलांना आधी झोपेचे विचारले, मग जेवणाचे, मग शेतात मन लागते का ते, आणि शेवटी सरळ विचारले, ‘‘जीव द्यावा असे मनात येते का?’’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, हा समज गावात आहे तसाच शिकलेल्यांतही आहे, पण तो खरा नाही. ज्याच्या मनात तो विचार असतो, त्याला कोणीतरी नाव घेऊन विचारल्याने बहुधा हायसेच वाटते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या काठाची दोन-तीनदा घडी घातली. मग म्हणाले, ‘‘येते. पोळ्यापासून लय येते.’’

त्या दिवशी त्यांना एकटे घरी जाऊ दिले नाही. त्यांच्या संमतीने पत्नीला आणि थोरल्या भावाला बोलावून घेतले, रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे दुसऱ्याच दिवशी पाठवले. नैराश्याचे निदान झाले. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्याआधीच माणूस ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडतो, हे मी पत्नीला दोनदा बजावले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भावाच्या मोबाइलमध्ये भरून दिला. रात्री-अपरात्री तो चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. फवारणीच्या औषधांची पेटी त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेली. कर्जाचे काय, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. कर्ज समुपदेशनाने फिटत नाही. भाऊ त्यांच्यासोबत सोसायटीच्या गटसचिवाकडे जाऊन आला आणि हप्त्यांबाबत बोलणी सुरू झाली, एवढेच मी सांगू शकते.

मुलाने किल्ली स्वतःच दिली. आठ दिवसांनी तिघे माझ्यासमोर बसले असताना त्याने कंपासपेटी उघडून ती टेबलावर ठेवली आणि वडिलांकडे न पाहता म्हणाला, ‘‘मीच लपवली होती.’’ वडिलांनी किल्ली उचलली नाही. त्यांनी मुलाच्या मनगटावर हात ठेवला आणि आम्ही सगळेच थोडा वेळ बोललो नाही. आठ दिवसांपूर्वी हेच मी त्यांना सांगून टाकले असते, तर त्यांना ते माझ्या तोंडून, मुलाची चहाडी म्हणून कळले असते.

वडील औषधावर आले म्हणून मुलगा लगेच झोपू लागला, असे काही घडले नाही. चार महिने राखण केलेले शरीर आदेशाने झोपत नाही. खाट करकरली की त्याला जाग येई. मग आम्ही एक ठराव केला. राखण मुलाची नाही, आईची आणि मोठ्या बाबांची. आणि वडिलांनी रात्री कशासाठीही उठले तरी मोठ्याने सांगायचे. लघवीला, पाण्याला, बैलाला वैरण टाकायला, काहीही असो. पहिल्या रात्री त्यांना फार अवघडल्यासारखे झाले, असे त्यांच्या पत्नीने हसत सांगितले, पण त्यांनी नेम पाळला. ‘‘पाणी प्यायले उठलो रे, झोप तू.’’ मुलगा गोधडीतून हुंकार देई आणि कूस बदले. वेळा लिहायचा कागद मी त्याला घरी दिला होता. त्यावरच्या नोंदी चारावरून दोनावर आल्या, मग काही रात्री कोऱ्या राहू लागल्या.

बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना तो शेवटचा येऊन गेला. वडील बाहेर बाकावर होते. मी विचारले की आता काही अडचण आहे का.

‘‘आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बाबा रातच्याला आवाज देतात न, त्यानं झोपमोड होते. हे मात्र तुमी त्यांना सांगा.’’