कायद्याच्या ग्रंथालयात सामान्य वाचकाला गंमत वाटेल असं काही असतं का?

असतं की! जुने निकाल काढून वाचा. माझा सगळ्यात आवडता म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९३ सालचा 'निक्स विरुद्ध हेडन'. प्रश्न एवढाच, की टोमॅटो फळ की भाजी? १८८३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या भाज्यांवर १० टक्के जकात होती, फळांवर नव्हती. व्यापारी निक्स यांनी न्यूयॉर्क बंदराच्या जकात अधिकाऱ्यावर दावा लावला. वकिलांनी कोर्टात चक्क शब्दकोश वाचून दाखवले. एका बाजूने वाटाणा, वांगं, काकडी, मिरची यांचे अर्थ वाचले, तर दुसऱ्या बाजूने बटाटा, कोबी, गाजर! शेवटी न्यायमूर्ती ग्रे यांनी म्हटलं, वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो फळच आहे, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. म्हणून जकातीपुरता तो भाजी. केवढा साधा आणि शहाणा विचार आहे हा! कायद्यातल्या शब्दाचा अर्थ रोजच्या बोलण्यातून घ्यायचा, हे मला इथेच नीट कळलं.

१९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियात एकाने थेट सैतानावरच दावा ठोकला होता. न्यायाधीशांनी तो गांभीर्याने तपासला आणि नाकारला. एक कारण असं, की समन्स कुठे नि कसं बजावायचं हे अर्जदाराने सांगितलंच नव्हतं.

निकाल फार लांबलचक असतील ही भीती सोडा. टोमॅटोचा निकाल तर जेमतेम काही पानांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. ग्रंथपालांना प्रकरणाचं नाव आणि साल सांगा, ते खंड काढून देतील.