टीव्हीखालचा कॉम्प्युटर रात्री का उठतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल या वेळी चार पत्रं घेतली आहेत. त्यातल्या तिघांची तक्रार वरवर एकच: स्लीपला टाकलेलं मशीन झोपून राहत नाही. पण कारणं तीन निराळी आहेत. म्हणून आधीच सांगतो, विंडोज नव्याने टाकायची घाई करू नका. मशीनला कोणी उठवलं याची नोंद बहुतेक वेळा मशीनमध्येच सापडते. ती वाचा आणि जो उठवतो त्यालाच आवरा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा, आणि 'स्लॅश', 'डॅश', 'अंडरस्कोर' म्हटलंय तिथे ते चिन्ह (/, -, _) द्या. 'पॉवरसीएफजी' म्हणजे इंग्रजी 'पॉवर' या शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरं सलग जोडलेली. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून 'टर्मिनल (ॲडमिन)' उघडा. ॲडमिन म्हणून उघडलं नाही तर यातल्या काही कमांड चालत नाहीत.

प्रश्न : टीव्हीच्या काचेच्या स्टँडवर कॉम्प्युटर आहे, विंडोज ११. वायरचा माउस शेजारीच असतो, कीबोर्ड वायरलेस. सिनेमा संपला की स्लीपला टाकतो, पण दहा-पंधरा मिनिटांत पंखा परत फिरायला लागतो. भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. ते रात्री अकराला बंद झाले की कॉम्प्युटर पण गप. मग दोनच्या सुमाराला पुन्हा चालू व्हायलाय. दुकानात नेला तर तिथं नीट झोपला, तरी फॉरमॅट मारायला सांगितलं. काय करू?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : फॉरमॅट नको. दुकानात नीट झोपतो आणि घरी माग चालू असेपर्यंत झोपत नाही, यातच निम्मं उत्तर आलं. आम्हाला पहिला संशय माउसचा आहे. स्लीपमध्येही यूएसबी पोर्टला ५ व्होल्ट मिळत राहतात, आणि बऱ्याच माउसचा खालचा सेन्सर तेव्हाही पृष्ठभाग पाहत असतो. गुळगुळीत काचेवर त्याला धरायला खूण सापडत नाही, त्यामुळे कर्सर तसाही थरथरतो. त्यात मागाच्या धोट्याचे दणके भिंतीतून स्टँडपर्यंत येतात. माउस केसभर हलला तरी मशीन समजतं की माणूस आला.

खात्री अशी करा. मशीन आपोआप उठलं की लगेच टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश लास्टवेक' टाइप करा. शेवटचं कोणी उठवलं ते दिसेल. तिथे माउसचं नाव येईलच असं नाही. बहुतेकदा 'यूएसबी एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर' असं काहीतरी दिसतं. म्हणजे हाक यूएसबीच्या बाजूने आली, इतकंच. कोणत्या उपकरणाने दिली हे शोधायला एक संध्याकाळ फक्त माउस काढून ठेवा, कीबोर्डचं डोंगल (यूएसबीत लावलेला छोटा रिसीव्हर) राहू दे. दोन्ही एकदम काढलं तर काहीच कळणार नाही. मशीन रिस्टार्ट झालं असेल तर ही कमांड उपयोगाची नाही. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाच्या, इव्हेंट आयडी १ असलेल्या नोंदी पाहा. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि 'वेक सोर्स' तिथे ओळीने मिळतो, मागच्या कित्येक दिवसांचा.

माउसच निघाला तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'खाली 'एचआयडी-कंप्लायंट माउस'वर डबल-क्लिक करा, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये 'अलाव धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' समोरची खूण काढा. वायरलेस कीबोर्डच्या डोंगलमुळे तिथे दोन-तीन माउस दिसतील, एखादा कीबोर्डवरच्या टचपॅडचा. सगळ्यांची खूण काढा. कीबोर्डची मात्र ठेवा, नाहीतर सोफ्यावर बसून मशीन उठवता येणार नाही. मग 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'डॅश डिव्हाइसक्वेरी', स्पेस, 'वेक अंडरस्कोर आर्म्ड' ही कमांड द्या. उठवायची परवानगी अजून कोणाकोणाला आहे याची यादी येते. त्यात माउस उरता कामा नये.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ही खूण त्या पोर्टापुरती राहते. झाडलोट करताना माउस काढून शेजारच्या पोर्टात लावला की विंडोज बहुधा त्याला नवीन उपकरण समजतं आणि परवानगी पुन्हा चालू करतं. महिनाभर नीट चाललं आणि परत बिघडलं, अशी तक्रार आली की आधी पोर्ट बघायचा. पोर्टाशेजारी रंगाचा ठिपका लावून ठेवा. 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबच दिसत नसेल तर 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश ए' देऊन पाहा. उपलब्ध प्रकारांत 'एस-झिरो लो पॉवर आयडल' असेल तर मशीनची झोप निराळ्या जातीची आहे, आणि तिथे माउस उलटा न ठेवता सरळ कापडी पॅडवर, स्टँडपासून दूर ठेवणं हाच सोपा मार्ग. कापडी पॅड तुम्ही तसाही घ्या.

आता रात्री दोनचं. त्याचा मागाशी संबंध नाही. विंडोजची स्वतःची देखभाल ठरवून दिलेल्या वेळी चालते आणि ती वेळ मुळात रात्री २ ची असते. कंट्रोल पॅनलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स', त्यात 'मेंटेनन्स', त्यात 'चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज'. तिथे मशीन उठवायची परवानगी देणारी एकच चौकट आहे, तिची खूण काढा. वेळही संध्याकाळी सातची करून टाका, म्हणजे मशीन जागं असताना कामं उरकतील. त्याखेरीज 'पॉवर ऑप्शन्स'च्या ॲडव्हान्स्ड यादीत 'स्लीप'खाली 'अलाव वेक टायमर्स' आहे, ते 'डिसेबल' करा. 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' हा मधला पर्याय ठेवला तर अपडेटनंतरच्या रिस्टार्टसाठी मशीन तरीही उठू शकतं. टीव्ही ट्यूनरवरून एखादा कार्यक्रम ठरल्या वेळी रेकॉर्ड करत असाल तर मात्र टायमर बंद करू नका, रेकॉर्डिंग चुकेल. तेव्हा 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश वेकटायमर्स' देऊन पुढचा गजर कोणी लावलाय ते पाहा आणि तेवढंच काम टास्क शेड्यूलरमधून आवरा.

टायमरने उठलेलं मशीन, समोर कोणी नाही असं दिसलं की काम संपल्यावर साधारण २ मिनिटांत पुन्हा झोपायला हवं. पण तेवढ्यात माउस थरथरला तर ते माणूस आला असं धरून पूर्ण वेळ जागं राहतं. म्हणून दोन्ही दुरुस्त्या करा, एकीवर थांबू नका.

प्रश्न : सिनेमांचा फोल्डर घरच्या नेटवर्कवर शेअर केलाय. आतल्या खोलीतला स्मार्ट टीव्ही नुसता चालू केला तरी हॉलमधला कॉम्प्युटर उठतो. एकदा उठला की झोपायचं नाव नाही. पण फोनवरून त्याला उठवता आलं पाहिजे, ते बंद करायचं नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत. उठणं नेटवर्क कार्डामुळे, न झोपणं शेअर केलेल्या फोल्डरमुळे.

टीव्ही चालू झाला की घरात कोणाकडे सिनेमे आहेत याची चौकशी नेटवर्कवर करतो. कार्डावर 'वेक ऑन पॅटर्न मॅच' चालू असेल तर असल्या साध्या चौकशीनेही मशीन उठतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड उघडा, 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'वेक ऑन पॅटर्न मॅच' डिसेबल करा, 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' इनेबल ठेवा. मग 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये तिसरी चौकट, 'ओन्ली अलाव अ मॅजिक पॅकेट', तिच्यावर खूण करा. मॅजिक पॅकेट म्हणजे विशिष्ट सहा बाइट आणि त्यापुढे त्याच कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा. असा मजकूर चुकून तयार होत नाही, त्यामुळे टीव्हीच्या चौकशीने मशीन हलणार नाही आणि फोनवरच्या वेक-ऑन-लॅन ॲपने उठेल. ॲपमध्ये लागणारा मॅक पत्ता 'गेटमॅक' या कमांडने मिळतो. कॉम्प्युटर वायरने राउटरला जोडा. वायफायवरून उठवणं पुष्कळ मशीनवर भरवशाचं नसतं.

न झोपण्यासाठी, मशीन जागं असताना 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश रिक्वेस्ट्स' द्या. 'सिस्टिम'खाली 'एसआरव्ही-नेट' असं दिसलं तर बाहेरचं कोणीतरी तुमचा फोल्डर उघडून बसलंय. टीव्हीवरचं प्लेअर ॲप होम बटण दाबून नुसतं मागे टाकलेलं असतं, बंद केलेलं नसतं. ते पूर्ण बंद करायची सवय घरात लावा. 'ऑडिओ स्ट्रीम' वापरात असल्याचं दिसलं तर कॉम्प्युटरवर एखादं प्लेअर किंवा ब्राउझरचा टॅब उघडा राहिलाय.

'रिक्वेस्ट्सओव्हरराइड' कमांड देऊन एसआरव्ही-नेटचं म्हणणं दुर्लक्षित करता येतं, पण आम्ही तो सल्ला देत नाही. आतल्या खोलीत कोणी सिनेमा बघत असताना हॉलमधलं मशीन मध्येच झोपेल.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट येते-जाते. स्लीपला टाकलेला कॉम्प्युटर सकाळी चालू सापडतो, पण उघडलेलं सगळं गेलेलं असतं, नव्याने सुरू झाल्यासारखं. घराला इन्व्हर्टर आहे, टीव्हीचा प्लग त्यावरच आहे.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचा कॉम्प्युटर झोपेतून उठत नाही, तो मरून पुन्हा सुरू होतो. साध्या स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला थोडी वीज सतत लागते. ती तुटली की सगळं गेलं. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम'मध्ये त्या रात्री 'कर्नल-पॉवर', आयडी ४१ अशी नोंद सापडेल. वडगावच्या पत्रात सांगितलेली आयडी १ ची नोंद त्या वेळेला नसेल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलात की पुढे गोंधळ होणार नाही.

वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं की नाही हे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) ठरतं. मशीन चालू होताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबत राहा. पॉवरच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', 'एसी बॅक' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' यांपैकी एक नाव असेल. ते 'पॉवर ऑफ' करा. सेव्ह केलेलं सेटिंग काही दिवसांनी आपलं आपण बदलत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलीय. नवी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते, मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसली की बदला. बदलण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं मागचं बटण बंद करून भागवू नका.

इन्व्हर्टर असून वीज तुटते कशी? बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. पंखे-दिव्यांना नॉर्मल चालतं, पण त्यात लाइटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो. खटका 'यूपीएस'वर करा. त्याचा एक तोटा आहे: या मोडमध्ये व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे व्होल्टेज कमी असलेल्या वस्तीत बॅटरी लवकर उतरते. तसं असेल तर कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा घेतलेला बरा.

तोवर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'स्लीप'खालचं 'हायब्रिड स्लीप' चालू करा. त्यात झोपण्याआधी रॅमची प्रत डिस्कवर लिहिली जाते. लाइट गेली तरी पुढच्या वेळी काम जसंच्या तसं उघडतं, फक्त सुरू व्हायला जरा वेळ लागतो. आणि वळवाच्या दिवसांत, वीज कडाडायला लागली की यूपीएसच्या भरवशावर राहू नका. भिंतीतला प्लग काढा, तसंच लॅनची वायर आणि डिशची केबलही काढा. वायरीतून आलेला झटका तिथूनही आत शिरतो.

प्रश्न : एवढी खटपट करण्यापेक्षा दिवसरात्र चालूच ठेवला तर बिलात कितीसा फरक पडेल?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : टीव्हीजवळचा साधा डेस्कटॉप काही न करता ४० वॅट घेतो असं धरू. २४ तासांचं जवळजवळ १ युनिट, महिन्याचे २९. स्लीपमध्ये तोच ३ वॅटवर आला तर महिन्याला २ युनिटच्या आसपास. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या घरगुती मोफत वीज योजनेत) तुमचा वापर २०० युनिटच्या काठावर असेल तर हे २७ युनिट तुम्हाला पलीकडे ढकलतील, आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. स्वतःच्या मशीनचा आकडा हवा असेल तर प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या आणि दोनदा मोजा, एकदा चालू असताना आणि एकदा स्लीपमध्ये. स्लीपचा आकडा १५-२० वॅट आला तर मशीन झोपलेलंच नाही, फक्त स्क्रीन बंद झालीय. तसं असेल तर निपाणीच्या उत्तरातली 'रिक्वेस्ट्स' कमांड चालवून बघा.